सगळेच कमांडो का नसतात?

प्रजासत्ताक दिनाचे संचलन टीव्हीवर चालू होते. काळ्या गणवेशातले, चेहरे झाकलेले एनएसजीचे जवान दुडक्या चालीने पडद्यावरून सरकले आणि शेजारी बसलेल्या भाच्याने विचारले, "मामा, हे एवढे भारी असतात, तर सगळ्या सैन्यालाच असे का नाही करत?" मी "खर्च फार येतो रे" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते, पण अर्धवट होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्करालाही सगळे सैनिक कमांडो करता आलेले नाहीत, आणि तशी इच्छाही त्याने कधी धरलेली नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या देशाने आपली विशेष दले वाढवली आहेत. ती किती वाढू शकतात आणि उद्या त्यांनी नेमके काय करायचे, हे समजायचे तर आधी ती चालतात कशी, ते पाहायला हवे.

'विशेष' म्हणजे नेमके काय?

'कमांडो' हा शब्द दक्षिण आफ्रिकेतून आला. तिथल्या बोअर शेतकऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्यांना हे नाव होते. त्यांच्याशी लढताना इंग्रज चांगलेच हैराण झाले होते. पुढे १९४० मध्ये जर्मनीच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर छापे घालण्यासाठी ब्रिटनने छोटी पथके उभारली, तेव्हा हेच नाव उचलले.

आपल्याकडे सुरुवात १९६५ च्या युद्धात झाली. मेजर मेघसिंह यांनी जवान निवडून शत्रूच्या पिछाडीला घुसणारे एक पथक बांधले. त्याला 'मेघदूत फोर्स' म्हणत. त्या अनुभवातून १९६६ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची पहिली कमांडो बटालियन, ९ पॅरा, उभी राहिली. नौदलाचे मार्कोस १९८७ मध्ये आले, तर हवाई दलाचे गरुड २००४ मध्ये. एनएसजी लष्कराचा भाग नाही. ती १९८४ नंतर गृहमंत्रालयाखाली उभी राहिली आणि तिचे मुख्य काम दहशतवादी हल्ले मोडणे व ओलिसांची सुटका करणे हे आहे. महाराष्ट्र पोलिसांचे गडचिरोलीतले सी-६० आणि मुंबईतले फोर्स वन ही त्याच जातकुळीतली, पण पोलिसांची पथके.

काम मात्र सिनेमात दिसते तेवढेच नसते. ढोबळ मानाने चार कामे सांगता येतील. पहिले, छापा घालणे. दुसरे, शत्रूच्या हद्दीत लपून दिवसचे दिवस नुसती टेहळणी करणे. तिसरे, स्थानिक लोकांना हाताशी धरून शत्रूविरुद्ध लढा उभा करणे. चौथे, मित्रदेशाच्या सैनिकांना शिकवणे. पहिल्याच्या बातम्या होतात. बाकीची तीन झाली तरी सहसा कुणाला कळत नाहीत, आणि कळू नयेत असाच त्यांचा हेतू असतो.

थोडे असून वरचढ कसे?

सैन्यशास्त्रातला जुना ठोकताळा असा, की तटबंदीत बसलेल्याला हरवायचे तर हल्लेखोर त्याच्या तिप्पट तरी हवेत. मग मूठभर माणसे उलटा हिशेब कसा मांडतात?

मराठी वाचकाला याचे उत्तर लांब शोधायला नको. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघे साठ मावळे घेऊन पन्हाळा जिंकला. अंधाऱ्या रात्री अवघड कड्याने वर चढून त्यांनी शिंगे फुंकली. गडावरच्यांना वाटले, मोठी फौज आत शिरली. किल्लेदार पडला आणि गड हाती आला. जयराम पिंड्ये या कवीने या प्रसंगावर संस्कृत काव्यच रचले.

यात घडले काय? गडावर माणसे जास्त होती, पण त्या घटकेला ती झोपेत, विखुरलेली आणि गोंधळलेली होती. साठ जण मात्र जागे, एकत्र आणि काय करायचे ते पक्के ठाऊक असलेले. म्हणजे संख्येचे पारडे काही काळापुरते उलटे झाले. अमेरिकी नौदलातले अधिकारी विल्यम मॅकरेव्हन यांनी १९९३ मध्ये आपल्या प्रबंधात अशा आठ मोहिमा तपासल्या आणि या उलट्या पारड्याला सिद्धान्ताचे रूप दिले. आपण त्याला 'घटकाभराचा वरचढपणा' म्हणू. छापा टाकणाऱ्याने तो लवकर मिळवायचा आणि काम उरकेपर्यंत टिकवायचा. जितका वेळ जाईल, तितकी समोरची संख्या जागी होत जाते. म्हणून योजना साधी हवी, गुप्तता कडक हवी, तालीम पुन्हा पुन्हा हवी. मग अचानकपणा, वेग आणि 'आपण इथे कशासाठी आलो' याची प्रत्येकाला स्वच्छ जाणीव.

४ जुलै १९७६ रोजी इस्राएली कमांडोंनी युगांडातल्या एंटेबी विमानतळावरून शंभराहून अधिक ओलीस सोडवले. हजारो किलोमीटर उडून गेलेली ती विमाने जमिनीवर सुमारे दीड तासच होती.

घटका हातची निसटली की काय होते, हेही आपण सोसले आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या आवारात एलटीटीईचे नेते पकडण्यासाठी हेलिकॉप्टरमधून १० पॅराचे कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवले गेले. एलटीटीईला आधीच सुगावा लागला होता आणि ते दबा धरून बसले होते. शीख पलटणीचे तीस जवान उतरले. त्यांतले एकोणतीस मारले गेले आणि एक कैदी झाला. शौर्य तेवढेच होते, पण अचानकपणा गेला होता. तो गेला की कमांडो म्हणजे हलक्या शस्त्रांचे, संख्येने थोडे, वेढ्यात सापडलेले सैनिक.

हंडी फोडतो एक, थर लावतात शंभर

दहीहंडीत टाळ्या वरच्या गोविंदाला मिळतात. तो चपळ असावाच लागतो. पण खालच्या थरातल्या एकाचा खांदा हलला, तरी वरच्याची चपळाई कामाची नसते. विशेष मोहिमांचे गणित असेच असते.

२४ एप्रिल १९८० च्या रात्री तेहरानमधले अमेरिकी ओलीस सोडवण्यासाठी नवी कोरी डेल्टा फोर्स निघाली. आठ हेलिकॉप्टरे उडाली. निदान सहा लागणार होती. धुळीचे लोट आणि बिघाड यांमुळे पाचच धड उरली. वाळवंटातल्या तळावरच मोहीम रद्द झाली. परतताना एक हेलिकॉप्टर इंधनवाहू विमानावर आदळले आणि आठ जण गेले. डेल्टाच्या एकाही जवानाने शत्रूवर गोळी झाडली नव्हती. मोहीम कोसळली ती खालच्या थरात. हेलिकॉप्टरे एका दलाची, वैमानिक दुसऱ्याचे, कमांडो तिसऱ्याचे. सर्वांनी मिळून संपूर्ण तालीम कधी केलीच नव्हती.

त्या अपयशाच्या चौकशीतून पुढे कायदा झाला आणि एप्रिल १९८७ मध्ये विशेष दलांचे स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले. त्याला स्वतःचा खर्चाचा वाटा मिळाला, आणि रात्री खालून उडणारे खास वैमानिक विशेष दलांचाच भाग झाले. एकतीस वर्षांनी, २ मे २०११ च्या रात्री, अबोटाबादमध्ये लादेनच्या आवारात पुन्हा एक हेलिकॉप्टर कोसळले. तालमीसाठी त्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधली होती, पण तिथे भिंतीऐवजी जाळीचे कुंपण होते. खऱ्या उंच भिंतींनी पंख्याखालची हवा कोंडली आणि हेलिकॉप्टर खाली बसले. तरी मोहीम फसली नाही, कारण राखीव हेलिकॉप्टरे जवळच थांबली होती. अपघात तसाच, पण या वेळी खालचे थर भक्कम होते.

आपल्याकडचे २६/११ आठवा. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. मुंबईतले मार्कोस त्याच रात्री पोचले, पण ते होते मोजके. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये होते आणि त्यांना नेणारे मोठे विमान चंदीगडहून आणावे लागले. मुंबईत उतरायला पहाट झाली आणि विमानतळावरून पुढे बसगाड्या. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांनी प्राण दिले. कमांडोंच्या कौशल्यात खोट नव्हती. खोट त्यांच्या ठिकाणात आणि वाहनात होती. म्हणूनच पुढच्या वर्षी मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे एनएसजीचे तळ आले.

याच्या उलट मार्च २०२४ पाहा. सोमाली चाच्यांनी पळवलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर होते. नौदलाची 'कोलकाता' ही युद्धनौका त्याच्या मागावर होती. टेहळणी विमाने आणि ड्रोन वरून पाहत होते. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस छत्रीने समुद्रात उतरले, त्यांच्या बोटीही बरोबर टाकल्या गेल्या. चाळीस तासांनी पस्तीस चाचे शरण आले आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. नौदल, हवाई दल आणि पोलीस असे सगळे थर एका हंडीसाठी लागले होते.

दुधावरची साय किती काढायची?

आता भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग. थर भक्कम केले, पैसेही दिले, तरी सगळे कमांडो का नाहीत?

कारण विशेष दलातला जवान कारखान्यात तयार होत नाही, तो सैन्यातून निवडावा लागतो. निवडीला येणारे बरेचसे गळतात. राहतात त्यांनाही पूर्ण तरबेज व्हायला वर्षे लागतात. अमेरिकी विशेष दलांत काही सूत्रे आवर्जून सांगितली जातात. त्यांचा मथितार्थ असा, की यंत्रापेक्षा माणूस मोलाचा, संख्येपेक्षा कस महत्त्वाचा, अशी दले घाऊक बनत नाहीत आणि संकट दारात आल्यावर तर मुळीच नाहीत. पाचवे सूत्र नेमके दहीहंडीचे आहे. बहुतेक विशेष मोहिमांना बाकीच्या सैन्याची मदत लागतेच.

इथे एक छुपा खर्च आहे. निवडलेला जवान कुठल्या तरी बटालियनमधला सर्वांत चांगला हवालदार किंवा नाईक असतो. दुधावरची साय थोडी काढली तर तूप होते आणि दूधही बरे राहते. सगळीच काढली तर खाली पाणीदार दूध उरते. युद्ध शेवटी जमीन धरून ठेवणाऱ्या साध्या पायदळालाच जिंकायचे असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने किव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर आपले निवडक हवाई सैनिक उतरवले. त्यांनी धावपट्टी गाठली खरी, पण मागून यायची कुमक वेळेवर आली नाही, आणि किव्ह काही पडले नाही.

दुसरा धोका अतिवापराचा. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्या विशेष दलांतील लष्करी पदे सुमारे ४३ हजारांवरून २०१४ पर्यंत ६३ हजारांच्या आसपास गेली. तरीही कामच इतके वाढले, की तीच माणसे पुन्हा पुन्हा अफगाणिस्तान-इराकला जात राहिली. २०२० मध्ये त्यांच्याच मुख्यालयाने केलेल्या पाहणीत निघाले, की सतत मोहिमांच्या धबडग्यात नेतृत्व आणि शिस्त यांकडे दुर्लक्ष झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या चौकशी अहवालाने, आपल्या विशेष दलांतील काहींनी अफगाणिस्तानात ३९ जणांची बेकायदा हत्या केल्याची विश्वासार्ह माहिती असल्याचे नोंदवले. गुप्ततेच्या पडद्याआड कुणी विचारणारा नसेल, तर निवडक माणूसही घसरतो. २०२४ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या विशेष दलांतील सुमारे तीन हजार पदे कमी करायचे ठरवले. म्हणजे वाढीलाही ओहोटी असते.

उद्याचे काम : दार फोडण्यापलीकडे

गेल्या वीस वर्षांतले छापे बहुधा ज्यांच्याकडे विमाने नाहीत, रडार नाहीत, अशा टोळ्यांवर होते. आकाश आपलेच असायचे. जखमी जवानाला तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेता यायचे. बरोबरीच्या देशाशी गाठ पडली तर यातले काहीच गृहीत धरता येत नाही.

शिवाय लपणे अवघड होत चालले आहे. वरून उपग्रह आणि ड्रोन, खाली सीमेवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख, खिशात मोबाइल. जानेवारी २०१८ मध्ये 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या ॲपच्या नकाशाने जगाला हसवले आणि सेनापतींना घाम फोडला. ओसाड वाळवंटात धावण्याच्या मार्गांच्या उजळ रेषा दिसत होत्या आणि त्या लष्करी तळांभोवतीच्या होत्या. सकाळी पळायला जाणाऱ्या जवानांच्या मनगटी घड्याळांनी तळाचा पत्ता सांगून टाकला होता.

तिसरा बदल ड्रोनचा. १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या सुरक्षा सेवेने ट्रकवरच्या लाकडी खोक्यांत दडवलेले शंभराहून अधिक ड्रोन रशियाच्या आत खोलवर नेले आणि बॉम्बफेकी विमानांच्या तळांवर सोडले. पूर्वी अशा तळावर कमांडोंनीच सरपटत जाऊन स्फोटके लावली असती. डेव्हिड स्टर्लिंग यांच्या एसएएस या ब्रिटिश विशेष दलाने १९४१-४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात नेमके तेच केले. आता माणसाने ड्रोन जवळ नेऊन ठेवायचा, रस्ता काढायचा आणि निघून जायचे. घुसखोरीचे कसब तेच, फक्त शेवटची उडी यंत्राची.

मग माणूस कुठे लागेल? जिथे विश्वास कमवावा लागतो तिथे. अमेरिकेच्या ग्रीन बेरे पथकात बारा जण असतात. नायक, उपनायक, मोहीम आणि हेरगिरी पाहणारे दोघे, आणि शस्त्रे, सुरुंग-बांधकाम, वैद्यकी, संदेशवहन यांचे प्रत्येकी दोन जाणकार. जोड्या असल्याने पथकाचे दोन भाग केले तरी प्रत्येकात सगळी कसबे राहतात. २००१ मध्ये अशी मोजकी पथके अफगाण घोड्यांवर बसून स्थानिक सरदारांबरोबर फिरली. वरून विमानांचा मारा त्यांनी दिशा देऊन घडवला आणि काही आठवड्यांत मझार-ए-शरीफ पडले. बारा माणसांनी शहर जिंकले नाही. शहर जिंकणाऱ्या हजारोंना त्यांनी दिशा दिली. दुधात चमचाभर विरजण लागते तसे. उद्याच्या विशेष दलांचे मोठे काम हेच असेल. मित्रांना आधीच तयार करणे, शत्रूच्या आत आपले डोळे-कान ठेवणे, आणि युद्ध सुरू होण्याआधीच ते शत्रूला महाग करून ठेवणे.

भारताने कोणती वाट धरली?

आपल्याकडे विशेष दले आहेत, पण ती तीन सैन्यदलांत आणि गृहखात्यात वाटलेली. नरेशचंद्र समितीने २०१२ मध्येच त्यांच्यासाठी एकत्र कमांड सुचवली होती. त्यापेक्षा लहान आकाराचा, तिन्ही दलांचा संयुक्त विशेष मोहीम विभाग २०१९ मध्ये उभा राहिला. इराणच्या वाळवंटातला धडा हाच होता. एकत्र लढायचे तर आधी एकत्र राहून सराव हवा.

दुसरे पाऊल जुलै २०२५ मध्ये पडले. कारगिल विजय दिनी द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी 'भैरव' लाइट कमांडो बटालियनची घोषणा केली. कल्पना समजून घेण्यासारखी आहे. आपल्या प्रत्येक पायदळ बटालियनमध्ये वीसेक जवानांची 'घातक' प्लॅटून असते. तिचे जवान बेळगावच्या कमांडो शाळेत तावूनसुलाखून निघतात. पलीकडच्या टोकाला पॅरा एसएफ, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलाच्या बटालियन. या दोहोंमधल्या रिकाम्या जागेत सुमारे २५० जवानांची भैरव बटालियन बसते. सीमेजवळचे झटपट छापे तिने करायचे, म्हणजे पॅरा एसएफला खोलवरच्या, अवघड कामांसाठी मोकळे ठेवता येईल. जोडीला पायदळ बटालियनना 'अश्नी' या ड्रोन प्लॅटून. थोडक्यात, सायीचा थर जाड करण्याऐवजी दूधच थोडे आटवायचे. मार्ग शहाणपणाचा आहे, फक्त एक पथ्य पाळावे लागेल. 'कमांडो' हे नाव वाढले म्हणून निवडीची चाळणी सैल होता कामा नये.

चौकट : थोडक्यात

- विशेष दलांची ताकद संख्येत नसून 'घटकाभराच्या वरचढपणात' असते. गुप्तता गेली की ती ताकदही जाते.
- प्रत्येक छाप्यामागे विमाने, खबरी, वैद्य आणि राखीव कुमक यांचे थर लागतात. अपयश बहुधा तिथून येते.
- ही दले घाऊक वाढत नाहीत. घाईने वाढवली तर कस उतरतो आणि मूळ सैन्य कमकुवत होते.
- पुढच्या काळात छाप्यांइतकेच टेहळणी, ड्रोन आणि मित्रांना शिकवणे महत्त्वाचे ठरेल.

भाच्याला आता माझे उत्तर असे आहे. सगळे कमांडो झाले तर कमांडोंना पोचवणारे, सावरणारे आणि जिंकलेले राखणारे कुणी उरणार नाही. वाचकांनाही एक सुचवतो. नवी कमांडो तुकडी उभी राहिल्याची बातमी आली, की तिच्या जवानांची संख्या विचारू नका. तीन गोष्टी विचारा. त्यांना नेणारे विमान कुणाचे आणि ते किती वेळात मिळेल? त्यांना खबर कोण देणार? आणि त्यांच्या कामाचा जाब कुणाला द्यावा लागेल? या तिन्हींची उत्तरे ठाऊक असतील, तरच ती तुकडी खऱ्या अर्थाने उभी राहिली म्हणायचे.